पंजाबीत ‘नको’ कसं म्हणायचं?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. इथे पंजाबात राहणारं किंवा पंजाबी घरात नांदणारं कुणी असेल तर मदत हवी आहे.

मी साताऱ्याची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन लुधियान्याला आले. नवरा इथलाच, तो पुण्यात नोकरीला असताना आमची ओळख झाली. सासर प्रेमळ आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होणार नाही. सासूबाई, म्हणजे मम्मी जी, मला ‘पुत्त’ म्हणूनच हाक मारतात. माझ्या पहिल्या चतुर्थीला त्यांनी चार दुकानं पालथी घालून साबुदाणा आणला आणि खिचडी कशी करतात ते माझ्या शेजारी उभं राहून शिकल्या.

अडचण अशी, की या घरात मला ‘नको’ म्हणता येत नाही. चौथा फुलका नको. दुपारी दार लोटून पडलेली असताना कुणी थेट आत यायला नको. पगाराची चौकशी नको. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ‘खुशख़बरी कदों सुणा रहे ओ?’ (गोड बातमी कधी देताय?) हा प्रश्न नको.

मी हे सगळं हिंदीतून सांगत आले. मागच्या लोहडीला आम्ही जगराओंजवळच्या पिंडात, म्हणजे गावात, ताई जींकडे गेलो होतो. (इथे ताई म्हणजे थोरली बहीण नाही, थोरल्या काकांची बायको. मला सवय व्हायला वर्ष लागलं.) घरात नवी सून आली किंवा बाळ जन्मलं की त्या वर्षीची लोहडी मोठी करतात. शेजारच्या घरात पहिलटकरणीचं बाळ होतं, तिथून रेवड्या-शेंगदाणे वाटत सगळ्याजणी आमच्या अंगणात आल्या आणि माझ्याभोवती बसल्या. तोच प्रश्न. एकदा हसले, दुसऱ्यांदा मान खाली घातली, तिसऱ्यांदा म्हणाले, “मुझे इस बारे में बात नहीं करनी है.”

वाक्यात काही चूक नाही. आवाजही चढला नव्हता. पण अंगण एकदम गप्प झालं. परतताना गाडीत मम्मी जी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा देताना इतकंच म्हणाल्या, “पुत्त, तूं तां ओपरिआं वांग बोली.” परक्यासारखी बोललीस. ओपरा म्हणजे आपल्या ‘उपरा’सारखाच शब्द, त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही. तो शब्द तेव्हापासून मनात रुतून बसला आहे.

नवरा म्हणतो, तू बोलू नकोस, तुझ्या वतीनं मी सांगत जाईन. त्याचा हेतू चांगला आहे. पण माझं ‘नको’ माझ्या तोंडून यावं असं मला वाटतं. आणि मला असं वाटायला लागलं आहे की माझं म्हणणं कुणाला खुपलंच नव्हतं, खुपली ती परकी भाषा. घरातली माणसं आपसांत एकमेकांना अडवतातच की! मम्मी जी स्वतःच्या नणंदेला रोज काही ना काही नाकारतात आणि दोघी हसत असतात. ती वाक्यं मला हवी आहेत. पुस्तकातली नकोत, रोजच्या तोंडातली हवीत.

आतापर्यंत मला येतं ते एवढंच: ‘बस्स जी’, ‘मैनूं नहीं चाहीदा’ (मला नको) आणि ‘फेर कदे’ (पुन्हा केव्हातरी).

ओसरी

चौदा वर्षं जालंधरला काढली, आता नाशिकला परत आले. तुमचं अंगण डोळ्यांसमोर उभं राहिलं.

जेवणापासून सुरू करा, कारण सगळा सराव ताटावरच होतो. तुम्हाला ‘संगो ना’ हे शब्द ऐकू येत असतील. संगणं म्हणजे लाजणं, भिडेखातर अवघडणं. पाहुणा पहिल्यांदा ‘नहीं जी’ म्हणतो तेव्हा यजमान असंच धरून चालतो की हा संगतो आहे. दुसऱ्यांदाही तेच. आपल्याकडे आग्रहाच्या पंगतीत जिलबी वाढताना काय होतं, तसंच. म्हणजे तुमचं पहिलं ‘नहीं’ त्यांना ऐकू येत नाही असं नाही, ते ‘नहीं’ म्हणून मोजलंच जात नाही. मग तुम्ही तिसऱ्यांदा वैतागून बोलता, आणि त्यांना वाटतं हिला अचानक काय झालं.

उपाय म्हणजे त्यांचाच शब्द उचलायचा. “संगदी नहीं जी, सच्चीं रज्ज गई आं.” लाजत नाहीये, खरंच पोट भरलं. या ‘रज्जणं’ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. ‘तृप्त’ फार पोथीतला वाटतो, ‘पोट भरलं’ फार कोरडं. रज्ज गई म्हटलं की वाढणारीला तिच्या हाताची पावती मिळते आणि पळी थांबते. पुरुषानं म्हणायचं असेल तर ‘रज्ज गिआ आं’.

आणि एक कळकळीनं सांगते: सबब सांगू नका. मी पहिली दोन वर्षं सबबी सांगितल्या. पोट बिघडलंय म्हटलं तर अजवाइन आली, मग सौंफ आली, मग शेजारच्या आंटींचं चूर्ण आलं. डोकं दुखतंय म्हटलं तर तेल घेऊन सासूबाई बसल्या. सबब ही त्यांच्या दृष्टीनं सोडवायची अडचण असते. प्रेमाचं माणूस अडचण सोडवायला धावणारच. नकार द्यायचा तर तो स्वच्छ द्यावा, भोवती गोडवा हवा तेवढा ठेवावा.

लांबचा_प्रवासी

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या विक्रीसाठी मी सहा वर्षं मोगा, बठिंडा, बरनाला फिरलो. बायकांच्या बैठकीतलं मला ठाऊक नाही, पुरुषांच्या बैठकीतलं सांगतो.

आधी संबोधन. लुधियाना माळव्यात येतो, म्हणजे सतलजच्या अलीकडचा पंजाब. तिथे पुरुषाला ‘बाई’ म्हणतात, ‘बाई जी’. भाऊ या अर्थानं, पूर्ण आदरानं. पहिल्या दिवशी एका दांडग्या सरदारांनी मला ‘आओ बाई जी’ म्हटलं तेव्हा मी मागे वळून कोण आलं ते पाहिलं होतं. तिकडे अमृतसरकडे, ‘माझा’ म्हणतात त्या भागात गेलात की तेच ‘भाऊ’ होतं, अगदी आपलं भाऊ. वाक्याच्या आधी हे एक संबोधन लावलं की पुढचं ‘नाही’ निम्मं पचलेलं असतं.

आता खरी गोष्ट. मी पीत नाही. संध्याकाळी सौदा झाला की बाटली निघणारच. पहिली काही महिने मी जेवायलाच थांबायचो नाही, लॉजवर निघून यायचो. लोक दुखावायचे, धंद्यावरही परिणाम झाला. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन समजावलं, की तू दारू नाकारतोस याचं कुणाला काही नाही, तू बैठक नाकारतोस त्याचं वाईट वाटतं. त्यांनीच वाक्य दिलं: “मैं नहीं पींदा, बाई जी. तुसीं लओ, मैं नाल बैठा आं.” तुम्ही घ्या, मी सोबत बसलोय. यातलं शेवटचं ‘मैं नाल बैठा आं’ सोडायचं नाही. कुणी ‘इक नाल की हुंदा’ (एकानं काय होतंय) म्हणून रेटलंच, तर “इक वी नहीं, ज़ोर ना पाओ जी.” ज़ोर पाउणा म्हणजे आग्रहाचा भार टाकणं. त्यानंतर मला सहा वर्षांत कुणी जबरदस्ती केल्याचं आठवत नाही. लस्सी मात्र दोन ग्लास प्यावी लागायची.

शब्दवेडा

धागा फार आवडला. व्याकरणाच्या अंगानं थोडी भर घालतो, कारण मराठी माणसाला पंजाबी नकार शिकायला सोपा जातो. फक्त कुठे काय जुळतं ते कळलं पाहिजे.

आपला ‘नको’ दोन कामं करतो. ‘मला नको’ म्हणजे इच्छा नाही, आणि ‘करू नको’ म्हणजे मनाई. हा शब्द इतका कामाचा आहे की दख्खनी बोलीनं तो ‘नक्को’ म्हणून उचलला. पंजाबीत मात्र ही दोन कामं वाटून दिलेली आहेत. इच्छा नसेल तर ‘नहीं’: मैनूं नहीं चाहीदा. मनाई असेल तर ‘ना’: ना करो, ना पुच्छो. हिंदीच्या सवयीनं आपण ‘मत करो’ म्हणतो, तिथे ‘ना’ आणायचा.

दुसरं, आपलं ‘मला जायचं नाही’ आहे ना, त्याची जोडी पंजाबीत ‘मैं नहीं जाणा’. इथे क्रियापद बोलणाऱ्याकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं. चाह नहीं पीणी, दुद्ध नहीं पीणा. आपणही चहा प्यायचा नाही, लस्सी प्यायची नाही असंच म्हणतो. ‘मैं नहीं पींदी’ म्हटलं तर ती सवय झाली, म्हणजे मी पीतच नाही. ‘मैं नहीं पीणी’ म्हटलं तर तो आत्ताचा निर्णय. हा फरक लक्षात ठेवा, कारण बाहेरच्या माणसाच्या बोलण्यात तो पुष्कळदा गळतो आणि एकदा नाकारलेला चहा कायमचा बंद होतो.

तिसरं माझं आवडतं: ‘मैथों नहीं होणा’. शब्दशः माझ्याच्यानं नाही व्हायचं. हिंदीत ‘मुझसे नहीं होगा’ थोडं हरल्यासारखं वाटतं. पंजाबीत आणि मराठीत त्यात एक घरगुती ठामपणा आहे. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीवर येऊन पडत असेल तर “मम्मी जी, कल्ली तों नहीं होणा” म्हणा. त्यात नकार आहे, तक्रार नाही.

चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. पंजाबीत आज्ञार्थाचं एक मऊ रूप आहे, जे लगेच करायच्या नव्हे तर पुढे करायच्या गोष्टीसाठी वापरतात. तूं म्हणायच्या माणसाला ‘करीं’, तुसीं म्हणायच्या माणसाला ‘करिओ’. आइओ, दस्सिओ, रखिओ. यात आपल्या ‘या हं’, ‘सांगा हं’ची ऊब आहे. ‘गुस्सा ना करिओ’ हे तर नकाराआधी वापरायचं हुकमी वाक्य. त्याचा अर्थ माफी मागणं असा होत नाही. आता मी काहीतरी सांगणार आहे, ते प्रेमानं ऐका, एवढाच.

शेवटचं: ‘आपां’. आपला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक हिंदीला नाही, पंजाबीला आहे. ‘असीं’ म्हणजे आम्ही. ‘आपां’ म्हणजे तुमच्यासकट आपण. “आपां इह गल्ल फेर करांगे.” आपण हे नंतर बोलू. विषय थांबवलाय, पण समोरच्याला दाराबाहेर ठेवलेलं नाही. लोहडीच्या अंगणात हे एक वाक्य तुमच्याकडे असायला हवं होतं असं वाटून गेलं.

पिंपळपान

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नये.

सगळे प्रतिसाद वाचले आणि छातीवर दडपण आलं. खोलीत न विचारता कुणी येऊ नये, मूल कधी होणार हे चारचौघांत विचारू नये, या साध्या गोष्टी आहेत. त्या सांगण्यासाठी सुनेनं इतकी साखर का पेरायची? तिनं हिंदीत सरळ सांगितलं, तेही तिसऱ्यांदा. तरी गप्प झाले ते, आणि धडा शिकायचा तो तिनंच? माझ्या बहिणीनं गोड बोलत बोलत सात वर्षं काढली. तिचं ‘नाही’ कुणी ऐकलंच नाही, कारण ते कधी कडू लागलंच नाही.

कृष्णाकाठची

पिंपळपान, राग कसला? हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. मलाही रात्री जाग आली की असंच वाटतं. पण मला इथे राहायचं आहे आणि ही माणसं मला हवी आहेत. कडू बोलायची वेळ आली तर तेही पंजाबीतच बोलता यावं.

ओसरी

पिंपळपान, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. म्हणून स्पष्ट करते: गोडवा आणि ढिलेपणा या दोन गोष्टी वेगळ्या. पंजाबी बायका गोड बोलतात आणि तसूभरही हलत नाहीत, हे मी जवळून पाहिलंय. माझ्या जेठाणीचं, म्हणजे मोठ्या जावेचं, एक वाक्य होतं, “मैं पहलां वी किहा सी.” मी आधीही सांगितलं होतं. बस, एवढंच. आवाज तोच, चेहरा तोच, फक्त ‘जी’ काढून घेतलेला. घरातल्या प्रत्येकाला कळायचं की आता पुढे जायचं नाही. ‘जी’ लावायला शिकतो तसं तो कधी काढायचा हेही शिकायला हवं. रोज लावलेला असेल तरच काढलेला ऐकू येतो.

आणि खुशख़बरीच्या प्रश्नाला तीन पायऱ्या करा. पहिल्यांदा हसून: “जदों होऊ, सभ तों पहलां तुहानूं दस्सांगे.” जेव्हा होईल तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगू. दुसऱ्यांदा: “छड्डो जी, कोई होर गल्ल करो.” सोडा हो, दुसरं काही बोला. तिसऱ्यांदा, डोळ्यांत बघून: “इह गल्ल साडे दोहां विच ही रहण दिओ.” ही गोष्ट आम्हा दोघांतच राहू द्या. चौथ्यांदा उठून स्वयंपाकघरात जा. उत्तर देऊ नका.

कणीस

मी लुधियान्याच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे, मूळची अकोल्याची. पिंपळपान यांच्या मुद्द्यावरून लिहावंसं वाटलं. घरातली भाषा वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी, ती कुणी शिकवत नाही. मला वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पहिल्याच आठवड्यात बसवून शिकवली.

बसमध्ये कुणी उगाच चिकटून उभं राहिलं तर पहिल्यांदा “पासे हो जाओ.” बाजूला व्हा. हटला नाही तर ‘तुसीं’ सोडून ‘तूं’वर यायचं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “पिच्छे हट के खड़ो!” अंगाला हात लागला तर “हत्थ परां रख!” आणि त्यानंतर “मैं रौला पा देणा.” रौला म्हणजे आरडाओरडा, गलका. या एका शब्दावर बसमधल्या दोन तरी मावश्या वळून बघतात आणि त्यातली एक तुमची जागा बदलून देते. इथे गुस्सा ना करिओ वगैरे काही नाही. हिंदीत ओरडले असते तर लोकांनी बाहेरची पोरगी म्हणून दुर्लक्ष केलं असतं का, हे मला सांगता यायचं नाही. पण पंजाबीत ओरडल्यावर त्या मावशीनं मला ‘धीए’ म्हटलं, पोरी. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये ठेवाच.

बाकी मैत्रिणींसाठीची वाक्यं सोपी आहेत. खोलीतली मैत्रीण न विचारता फोन घ्यायची, तिला “मेरा फ़ोन पुच्छ के लिया कर” म्हटलं. दोघींच्या भांडणात ओढायला लागल्या तर “मैनूं विच ना पाओ.” आणि परीक्षेच्या दिवसांत “मैं थोड़ी देर कल्ली बैठणा चाहुंदी आं”, मला जरा एकटं बसायचंय. हे वाक्य म्हटल्यावर पहिल्यांदा चौघी काळजीनं माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. एकटं बसणं म्हणजे दुःखी असणं असा त्यांचा समज होता. आता मीच पुढे जोडते, “ठीक आं, बस ऐवें ई.” ठीक आहे, उगाचच.

गोदातीर

मी नांदेडचा. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठी आहेत, आम्हाला दखनी शीख म्हणतात. शाळा मराठीत झाली, घरात पंजाबी, आणि आजीच्या तोंडी दिवसभर ‘नक्को’. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

कृष्णाकाठची ताई (आपली ताई, थोरली बहीण या अर्थानं), वाक्यं सगळी चांगली जमली आहेत. एकदोन गोष्टी उच्चाराच्या सांगतो, कारण वाक्य बरोबर असूनही सूर चुकला की परकेपणा तिथेच जाणवतो. पंजाबी ही सुरांची भाषा आहे. शब्दाच्या सुरुवातीला घ, झ, ढ, ध, भ लिहिलेलं असेल तर बोलताना त्यातला ह जातो आणि आवाज खाली उतरून वर येतो. भैण जी हे ‘पैण जी’सारखं ऐकू येतं, घर हे ‘कर’सारखं. कोड़ा म्हणजे चाबूक, घोड़ा म्हणजे घोडा, कोढ़ा म्हणजे कुष्ठरोगी. तिन्ही जवळजवळ एकच, फरक फक्त सुराचा. मधला ह असाच विरघळतो. ‘रहण दिओ’ हे ‘रैण दिओ’ म्हणा. हे ‘रैण दिओ’ म्हणजे आपलं ‘राहू द्या’, आणि जेवणापासून भांडणापर्यंत सगळीकडे चालतं. ण आणि ळ आपल्याला जन्मजात येतात, त्याचा फायदा घ्या.

लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीत, एक फार सुंदर रीत बघायला मिळेल. सेवादार ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत पोळ्या घेऊन येतो. हवी असेल तर दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे. नको असेल तर तेच हात जोडायचे, ‘बस्स जी’. तो पुढे जातो. तिथे कुणी आग्रह करत नाही, कारण टाकलेलं अन्न नको असतं. मी घरीसुद्धा तेच करतो, ताटावर हात आडवा धरत नाही, जोडतो. बघा करून.

आणि ‘ओपरा’ हा शब्द तुम्हाला लागला, त्याबद्दल. पंढरपूरचे नामदेव पंजाबात गेले, घुमाणला राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत. पंजाबात त्यांना भगत नामदेव म्हणतात आणि २०१५ साली तिथेच घुमाणला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आमच्या गुरुद्वाऱ्यात लहानपणी नामदेवांचा शबद ऐकताना आजी सांगायची, हे आपल्याकडचे. तिकडच्या माणसाला विचारा, तोही हेच म्हणेल. तुमच्या मम्मी जी तुम्हाला ओपरी म्हणाल्या नाहीत. ओपऱ्यासारखी बोललीस म्हणाल्या. त्यांना तुमचं बोलणं घरातलं हवं होतं, असं मला वाटतं.

ब्रॅम्प्टनकर

वाचतोय, आणि इथे कॅनडात वापरतोय. तळघरात भाड्यानं राहतो, घरमालक होशियारपूरचे. माणूस देवासारखा, पण साग आणि मक्की दी रोटी घेऊन कधीही खाली उतरायचे, मी रात्रपाळी करून झोपलेला असलो तरी. काल जिन्यावरच म्हटलं, “अंकल जी, गुस्सा ना करिओ, आउण तों पहलां फ़ोन कर लिया करो.” ते थांबले, मग म्हणाले, “कोई नी पुत्त, पहलां दस्सणा सी.” आधी सांगायचंस की. इतके महिने मी इंग्रजीत चिठ्ठी कशी लिहावी याचा विचार करत होतो.

पिंपळपान

ओसरी, ते ‘जी’ काढून घेण्याचं बहिणीला सांगितलं. तिचं सासर विदर्भातलं आहे, पंजाबचा काही संबंध नाही. पण ती म्हणाली, आमच्याकडे ‘अहो’ काढून घेता येत नाही, मी दुसरं काहीतरी शोधते. बघू.

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले, नवऱ्यासमोर रोज पाच-पाच वाक्यं म्हटली. त्यानं माझा ‘घर’ सोळा वेळा दुरुस्त केला.

ताई जी मागच्या आठवड्यात दवाखान्याच्या कामासाठी आमच्याकडे राहायला आल्या. दुसऱ्या दुपारी त्या नेहमीसारख्या सरळ आत आल्या. मी उठून बसले. काळीज धडधडत होतं, पण म्हटलं, “ताई जी, गुस्सा ना करिओ. अंदर आउण तों पहलां बूहा खड़का लिया करो.” आत यायच्या आधी दार वाजवत जा. त्या बघतच राहिल्या. मग आधी माझा ‘बूहा’ सुधारला. ह नाही, सूर वर. दोनदा म्हणवून घेतला. मग बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि बाहेरून दोनदा वाजवलं. मी ‘आओ जी’ म्हटलं. त्या आत आल्या आणि जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं, की माझ्या कपाटातली एक शाल त्यांना दोन दिवस हवी होती. शाल दिली. त्यानंतर रोज दार वाजतं. कधी हातानं, कधी बांगडीनं.

ताट आता जोडलेल्या हातांवर थांबतं. गोदातीर, तुमचे आभार कसे मानू? पप्पा जी म्हणाले, एह तां लंगर वाली रीत ए, आणि त्यांनीच मम्मी जींना पळी खाली ठेवायला सांगितलं.

खुशख़बरीचं मात्र वेगळंच घडलं. रविवारी शेजारच्या आंटी आल्या होत्या, त्यांनी विचारलं. मी पहिली पायरी म्हटली. थोड्या वेळानं त्यांनी फिरून तोच विषय काढला. मी दुसरी पायरी म्हणायला तोंड उघडलं तोच मम्मी जी मटार सोलता सोलता म्हणाल्या, “रैण दिओ भैण जी. कुड़ी ने दस्स दित्ता ना.” राहू द्या, पोरीनं सांगितलं ना. नजर मटारांवरच होती. आंटींनी भाजीच्या भावाचा विषय काढला.

मी उठून पाणी आणायला गेले आणि ओट्याशी जरा वेळ उभी राहिले.

आता एक राहिलं. जेठांचा पाच वर्षांचा मुलगा मला गुदगुल्या करत अंगावर उड्या मारतो आणि थांबत नाही. त्याला रागवायचं नाही, पण थांबवायचं आहे. लहान मुलाशी कसं बोलतात?

कणीस

“बस्स पुत्त, हुण नहीं. चाची थक्क गई.” आणि लगेच त्याच्या हातात काहीतरी द्या. आमच्या वसतिगृहाच्या मेसवाल्या आंटींचा नातू यावर थांबतो. शेंगदाणे असतील तर लवकर थांबतो.

गोदातीर

‘पुत्त’मधला शेवटचा त्त नीट दाबून म्हणा. आणि त्यालाही उलट शिकवा: त्याला कुणी गुदगुल्या केल्या आणि नको असेल तर त्यानं “ना करो” म्हणायचं, आणि तुम्ही तेव्हा थांबायचं.